कागदावर उतरलेला हुनर : घरगुती ॲम्प्लिफायरचा इतिहास

आपल्या समाजात हुनराचा तोटा कधीच नव्हता. भिवंडी-मालेगावचे माग घ्या, मिरजेच्या सतारी आणि तंबोरे घ्या. मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा धंदा बसल्यावर तंतुवाद्ये बनवायला घेतली आणि त्यांच्या हातचे तंबोरे दूरदूरच्या गवयांच्या मागे झंकारू लागले. ही विद्या ‘सीना-ब-सीना’ चालत आली, असे आपण अभिमानाने सांगतो. उस्तादाच्या छातीतून शागिर्दाच्या छातीत. मध्ये कागद नाही, शाई नाही. या परंपरेबद्दल पूर्ण आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या उस्तादाला शागिर्द मिळाला नाही, त्याच्या विद्येचे काय झाले? आणि ज्या पोराला उस्तादच मिळाला नाही, त्याने काय करायचे?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी एका वेगळ्या हुनराचा इतिहास वाचकांपुढे ठेवतो. घरच्या टेबलावर ॲम्प्लिफायर बनवणे आणि तो चारचौघांना वाजवून दाखवणे, हा तो हुनर. उरुसातली कव्वाली, मुशायरा, लग्नाचा मांडव, निवडणुकीची सभा यांपैकी एकही गोष्ट आज ॲम्प्लिफायरवाचून पार पडत नाही. माइकवाला उशिरा आला तर शायरही खोळंबतात. पण ही वस्तू सामान्य माणसाच्या हाती कशी आली, ती कोणी कोणाला शिकवली, याची चौकशी आपण करत नाही. ती करण्यासारखी आहे. कारण या कथेत एक नापास विद्यार्थी आहे, एक मासिक आहे, आणि चोरबाजारासारखे बाजार आहेत. म्हणजे सारा मामला आपल्या ओळखीचाच आहे.

पाटाचे दार

ॲम्प्लिफायर म्हणजे काय, ते आधी सोप्या शब्दांत पाहू. शेताच्या पाटाला लहानसे दार असते. एका हाताने ते वर-खाली केले की पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो. हाताची ताकद थोडी, पाण्याची ताकद मोठी. पण पाणी हाताच्या इशाऱ्याप्रमाणे चालते. ॲम्प्लिफायरमध्ये माइकमधून किंवा तबकडीच्या सुईतून येणारा अगदी क्षीण विद्युतप्रवाह हा तो हात, आणि भोंग्याला हलवणारा प्रवाह हे ते पाणी. असे विजेचे दार अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट याने १९०६ मध्ये काचेच्या नळीत बसवले. त्याने तिला ‘ऑडिऑन’ म्हटले. पुढे अशा नळ्यांना व्हॉल्व्ह म्हणू लागले. जुना रेडिओ उघडून पाहिलेल्या वाचकांना त्यांचा तांबूस उजेड आठवत असेल.

या नळीचा पहिला मोठा उपयोग टेलिफोनवाल्यांनी केला. १९१५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन टोके टेलिफोनने जोडली गेली, ती वाटेत ॲम्प्लिफायर बसवल्यामुळेच. पण एक अडचण उभी राहिली. प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाज वाढवताना थोडा बिघडवतो. आपले मिस्त्री ज्याला ‘आवाज फाटणे’ म्हणतात, तेच. एकामागून एक अनेक ॲम्प्लिफायर लावले की फाटलेला आवाज आणखी फाटत जातो.

यावरचा उपाय बेल लॅबोरेटरीतल्या हॅरोल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी सुचला. तो कामावर निघाला होता आणि हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीवर होता. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अंकातल्या एका पानावरच आकृती काढून सही केली. कल्पना अशी : बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश परत आत आणायचा, तो मूळ आवाजाशी ताडून पाहायचा आणि जी चूक आढळेल ती वजा करायची. आमच्या शाळेत ‘इमला’ म्हणजे श्रुतलेखन झाले की मुलाला लिहिलेले परत वाचायला लावतात. आपलीच चूक आपल्या कानांनी ऐकली की ती सुधारते. ब्लॅकने ॲम्प्लिफायरला हाच सराव लावला. याला ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. यात आवाजाची वाढ घटते. ती दहाव्या हिश्श्यावर आणली, तर चूकही साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. ताकद खर्चून सफाई मिळवायची, असा हा सौदा आहे. हे तेव्हा इतके उलटे वाटे की १९२८ मध्ये केलेल्या अर्जावर पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

नापास विद्यार्थी आणि त्याचा नकाशा

आता गोष्ट अमेरिकेतून इंग्लंडात जाते, कारण ब्लॅकची ही युक्ती घराघरांत पोचली ती तिथून. डी. टी. एन. विल्यमसन, ज्याला सगळे ‘थिओ’ म्हणत, हा स्कॉटलंडचा मुलगा १९२३ मध्ये जन्मला. एडिनबरो विद्यापीठात तो गणिताच्या परीक्षेत नापास झाला आणि १९४३ मध्ये त्याला विद्यापीठ सोडावे लागले. दुसरे महायुद्ध चालू होते. लहानपणी क्षय झालेला असल्यामुळे त्याला सैन्यात घेतले नाही. त्याऐवजी मार्कोनी-ऑसरॅम या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत सक्तीच्या कामावर पाठवले. आधी कारखान्यात, मग प्रयोगशाळेत. तिथे कामातून उरलेल्या वेळात त्याने स्वतःसाठी ॲम्प्लिफायर बनवायला घेतला आणि १९४४ संपता संपता सोबत्यांना वाजवून दाखवला.

त्याला हे का सुचले, हेही समजून घ्यायला हवे. त्याच सुमारास डेक्का कंपनीने नव्या पद्धतीच्या तबकड्या काढल्या. पाणबुड्यांचे आवाज ओळखायला शिकवण्यासाठी युद्धात जे ध्वनिमुद्रणाचे तंत्र तयार झाले, तेच संगीताच्या कामी आले. या तबकड्यांत सेकंदाला सुमारे १४,००० कंपनांपर्यंतचे बारीक स्वर होते. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ग्रामोफोनांना ते वाजवताच येत नव्हते. अत्तराची कुपी भरलेली असावी आणि बूच निघू नये, तशी गत. विल्यमसनने ते बूच काढले.

त्याचा लेख ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात एप्रिल आणि मे १९४७ च्या अंकांत छापून आला. हेच ते मासिक, ज्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर क्लार्क याने पृथ्वीभोवती उपग्रह ठेवून संदेश पाठवण्याची कल्पना मांडली होती. विल्यमसनने आपल्या लेखात काहीही झाकून ठेवले नाही. कोणता व्हॉल्व्ह, कोणता रझिस्टन्स, किती व्होल्ट, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या कशा रचायच्या, सारे दिले. ताकद १५ वॅट. पूर्ण ताकदीवरही आवाजातली चूक ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ०.१ टक्क्याची सफाई गाठणारा विल्यमसन हा पहिला माणूस नव्हता. इंग्लंडातल्याच हॅरोल्ड लीक याने १९४५ मध्ये तेवढीच सफाई असलेला ॲम्प्लिफायर विकायला काढला होता आणि त्याचे नावच ‘पॉइंट वन’ ठेवले होते. लीकचा माल उत्तम होता. पण तो दुकानात पैसे मोजणाऱ्याला मिळे. विल्यमसनचा नकाशा मासिकाचा अंक घेणाऱ्या कोणालाही मिळाला. म्हणून थोड्याच वर्षांत इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशोदेशी लोक ‘विल्यमसन’ बनवू लागले. एका माणसाचे आडनाव एका वस्तूचे नाव होऊन बसले. ते लेख पुढे पुस्तिकेच्या रूपानेही निघाले.

आणि तो नापास विद्यार्थी? तो १९४६ मध्येच एडिनबरोला परतून फेरांटी कंपनीत गेला होता. तिथे त्याने आकड्यांच्या हुकमावर चालणारी कापकामाची यंत्रे घडवली. पुढे मोलिन्स या कंपनीत माणसावाचून रात्रभर चालू शकेल अशा कारखान्याची आखणी केली, जिला ‘सिस्टिम २४’ नाव मिळाले. १९६८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९९२ मध्ये तो वारला. गणितात नापास झालेल्या पोराचे पुढे काय होते, याचा हा एक दाखला प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावा असा आहे.

भंगारातले सामान

नकाशा हाती आला, पण सामान? युद्धानंतरचे इंग्लंड गरिबीत होते. काही वस्तूंचे रेशन तर जुलै १९५४ पर्यंत चालू होते. मात्र एका वस्तूची तिथे रेलचेल होती, ती म्हणजे लष्कराने टाकून दिलेले बिनतारी यंत्रांचे सामान. लंडनच्या सोहो भागातील लाइल स्ट्रीटवर ते ढिगाने विकले जाई. न्यूयॉर्कच्या कॉर्टलंट स्ट्रीटवर तसाच ‘रेडिओ रो’ नावाचा बाजार होता. १९६६ मध्ये तो पाडून तिथे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे उभारले गेले. तोकियोत हरलेल्या फौजेचे भाग रस्त्यावर मांडून विकणारे दुकानदार १९४९ मध्ये पदपथावरून हटवले गेले आणि रेल्वेपुलाखाली शिरले. तोच आजचा आकिहाबारा. जिंकलेला देश असो की हरलेला, युद्धाचे भंगार उचलून लोकांनी गाणे ऐकायची यंत्रे बनवली.

सामान स्वस्त, पण काम सोपे नव्हते. पत्र्याला भोके पाडायची, ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हच्या बैठका कसायच्या, मग एकेक तार कथिलाच्या डागाने जोडायची. आत चारशे व्होल्टांच्या आसपास वीज खेळते, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर ती धरून ठेवतात. एक हात खिशात ठेवून काम करावे, हा जुन्या मिस्त्रींचा नियम याच भीतीतून आला. दोन्ही हात आत गेले तर विजेला छातीतून वाट मिळते.

सर्वांत मोठी कसोटी लागे ती शेवटच्या ट्रान्सफॉर्मरशी. व्हॉल्व्ह आणि भोंगा यांच्यामध्ये हा बसतो. विल्यमसनने फीडबॅकच्या फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरही घेतला होता, म्हणून त्याने त्याच्या गुंडाळीबद्दल फार कडक अटी घातल्या. ज्यांनी त्या पाळल्या त्यांचा ॲम्प्लिफायर गायला लागला. ज्यांनी पैसे वाचवण्यासाठी हलका ट्रान्सफॉर्मर लावला, त्यांचा ॲम्प्लिफायर आपणहून किंचाळू लागे किंवा मोटारबोटीसारखा ‘भट-भट’ करत राही. चूक सुधारण्यासाठी परत आणलेला आवाज वाटेत रेंगाळला, की तो चूक कमी करण्याऐवजी वाढवतो. परत वाचून दाखवणारा मुलगा दोन ओळी मागे राहिला तर सारा वर्ग गोंधळतो, तसेच.

हे दोष कळले कसे? कारण नकाशा सर्वांसमोर होता. लोकांनी बनवले, फसले, मासिकांना पत्रे लिहिली, एकमेकांना उत्तरे दिली. विल्यमसननेही ऑगस्ट १९४९ पासून सुधारलेली आवृत्ती आणि तिच्या जोडीची इतर उपकरणे त्याच मासिकात दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत डेव्हिड सार्सर आणि मेल्व्हिन स्प्रिंकल यांनी तिकडे मिळणारे व्हॉल्व्ह वापरून आपली आवृत्ती छापली. सार्सर हा तोस्कानिनीच्या एन.बी.सी. वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक होता, म्हणून तिला ‘म्युझिशियन्स ॲम्प्लिफायर’ म्हटले गेले. वाजवणाऱ्याच्या हातात डाग देण्याची कावी आलेली पाहून मिरजेच्या कारागिरांना नक्कीच आनंद झाला असता. १९५१ मध्ये डेव्हिड हाफलर आणि हर्बर्ट केरोज यांनी ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला मध्येच एक फाटा काढून आणखी सुधारणा केली. कागदावर उतरलेली विद्या अशी वाढते. पुढच्याला मागच्याच्या खांद्यावर उभे राहता येते.

शिकवणारी पुस्तिका

तरीही नकाशा वाचणे हेच ज्यांना जमत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर गावच्या हीथ कंपनीने मार्ग काढला. या कंपनीने १९४७ मध्ये लष्कराच्या उरलेल्या सामानातून ३९ डॉलर ५० सेंट किमतीचे, स्वतः जुळवायचे ऑसिलोस्कोप विकायला काढले. मग तिने विल्यमसनच्या नकाशावरचे ॲम्प्लिफायरही खोक्यात घालून विकले. सारे सुटे भाग आणि सोबत एक पुस्तिका. त्या पुस्तिकेत प्रत्येक तारेसाठी एक वाक्य आणि प्रत्येक वाक्यापुढे एक रिकामा चौकोन असे. तार जोडली की चौकोनात खूण करायची आणि पुढे जायचे.

बी.एड.च्या अभ्यासात ‘सोप्याकडून कठीणाकडे’ हे सूत्र आम्ही पाठ करतो. हीथच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी ते पाळले. शेतकरी, कारकून, शाळकरी मुले यांनी त्या चौकोनांत खुणा करत रेडिओ आणि ॲम्प्लिफायर जुळवले. वर सांगितलेल्या हाफलरने १९५५ मध्ये फिलाडेल्फियात डायनाको कंपनी काढली. तिचा १९५९ चा ‘स्टिरिओ ७०’ तीन लाखांहून अधिक संख्येने खपला. त्यांतले बरेचसे लोकांनी घरीच जुळवले. हीथ कंपनीने १९९२ मध्ये किटचा धंदा बंद केला. तोपर्यंत कारखान्यातला तयार माल इतका स्वस्त झाला होता की घरी बनवण्यात पैसा वाचत नव्हता. पण त्या ४५ वर्षांत किती माणसांचे हात आणि डोके एकमेकांशी बोलू लागले, त्याचा हिशेब पैशात होणार नाही.

चारचौघांत ऐकवणे

बनवणे हा अर्धा हुनर. दुसरा अर्धा म्हणजे दाखवणे. आपल्याकडे ‘दाखवणे’ या शब्दाला मिरवण्याचा वास येतो आणि भल्या घरांतून मुलांना ते न करण्याची ताकीद मिळते. मिरवणे वाईटच. पण कारागिराचे दाखवणे वेगळे असते. गवई मैफलीत बसतो, शायर मुशायऱ्यात उभा राहतो, तेव्हा तो आपली चूक पकडण्याची संधी सर्वांना देतो. दाद मिळण्याची आशा आणि चूक पकडली जाण्याची भीती ज्याला एकत्र सोसते, तोच तयार होतो.

ॲम्प्लिफायरवाल्यांनीही आपले मुशायरे भरवले. ऑक्टोबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल न्यूयॉर्करमध्ये पहिली ‘ऑडिओ फेअर’ भरली. हॉटेलच्या खोल्याखोल्यांतून ॲम्प्लिफायर वाजत आणि लोक या दारातून त्या दारात ऐकत फिरत. लंडनमध्ये अशी जत्रा १९५६ पासून सुरू झाली.

सर्वांत धाडसी दाखवणे केले ते यॉर्कशायरच्या गिल्बर्ट ब्रिग्ज याने. हा मूळचा कापडधंद्यातला माणूस. त्याने १९३२ मध्ये घराच्या तळघरात भोंगे बनवायला सुरुवात केली आणि ‘वॉर्फडेल’ ही कंपनी उभी केली. त्याने भोंग्यांवर सामान्य वाचकांसाठी पुस्तके लिहिली, तीही विनोदाची फोडणी देऊन. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्याने लंडनचे सुमारे ३,००० आसनांचे रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्याने घेतले. वादक मंचावर बसून वाजवत, मग तेच संगीत ध्वनिमुद्रणातून ऐकवले जाई आणि श्रोत्यांनी आपल्या कानांनी दोहोंची तुलना करायची. ॲम्प्लिफायर होते ‘क्वाड’ बनवणाऱ्या पीटर वॉकरचे. दिवाणखान्यात ऐकण्यासाठी बनलेली काही वॅटची यंत्रे त्याने एवढ्या मोठ्या सभागृहात हजारो कानांपुढे ठेवली. सभागृह भरून गेले होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हाच प्रयोग केला. जाहिरातीत ‘खरा आवाज’ असे छापणे सोपे; खरा वादक शेजारी बसवून आपले यंत्र वाजवायला छाती लागते.

हा वॉकर आणि आपला विल्यमसन यांची दोस्ती होती. दोघांनी मिळून विद्युतभारित पातळ पडद्याच्या भोंग्यावर काम केले आणि १९५७ मध्ये क्वाड कंपनीने तो बाजारात आणला. स्पर्धा असूनही या मंडळींनी एकमेकांना शिकवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

काच गेली, रीत राहिली

१९६० नंतर व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. यंत्र लहान झाले, तापणे कमी झाले, शेवटच्या ट्रान्सफॉर्मरचीही गरज उरली नाही. पण सुरुवातीचे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर कानाला बोचत. एप्रिल १९६९ मध्ये त्याच ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये जॉन लिन्सली हूड याने अवघ्या चार ट्रान्झिस्टरचा, १० वॅटचा नकाशा दिला. तो तपासताना त्याने मोजमाप केलेच, शिवाय आपल्या जुन्या विल्यमसनशी ताडून कानांनीही पाहिला. बावीस वर्षांपूर्वी एका तरुणाने छापलेला नकाशा अजूनही मापदंड होता. हूडचा तो नकाशाही पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ जगभर बनवला गेला आहे.

अमेरिकेत एडवर्ड डेल याने १९७० मध्ये हौशी बनवणाऱ्यांसाठी ‘ऑडिओ ॲमॅच्युअर’ हे मासिक काढले. त्यात १९९४ मध्ये नेल्सन पास याने एकाच ट्रान्झिस्टरवर उभा असलेला ‘झेन’ नावाचा ॲम्प्लिफायर दिला. पासची स्वतःची कंपनी महागडे ॲम्प्लिफायर विकते. तरी तो आपले नकाशे हौशी लोकांना खुशाल वाटतो. २००७ पासून सॅन फ्रान्सिस्कोत ‘बर्निंग ॲम्प’ नावाची जत्रा भरते. तिथे लोक स्वतः बनवलेले ॲम्प्लिफायर घेऊन येतात, झाकण उघडून आतले काम दाखवतात आणि वाजवतात. झाकण उघडून, हे महत्त्वाचे. आत डाग नीट बसला आहे की नाही, ते कोणालाही पाहता येते.

आपल्या गल्लीत

आता आपल्या गल्लीकडे वळू. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा आपला लाइल स्ट्रीट आणि आपला आकिहाबारा. २एन३०५५ ट्रान्झिस्टर किंवा सान्योची एलए ४४४० ही आय.सी. लावून ॲम्प्लिफायर बनवणारी मुले महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याला होती आणि आहेत. त्यांतली कितीतरी आपल्या मोहल्ल्यांतली. माइकवाले, रेडिओ मिस्त्री, डेक दुरुस्त करणारे. कोणत्या मांडवात भोंगा कुठे टांगला म्हणजे आवाज घुमणार नाही, कोणता ट्रान्सफॉर्मर तीन दिवसांच्या उरुसात तग धरील, हे त्यांना तोंडपाठ असे. कानाने दोष ओळखणारे आणि नाकाने जळका रझिस्टन्स शोधणारे हे लोक. पण त्यांच्या या ज्ञानाचे एक पान तरी छापलेले आहे का? पावसाळ्यात ओल धरलेल्या भोंग्याचे काय करावे, विजेचा दाब खाली-वर होत असताना ॲम्प्लिफायर कसा वाचवावा, यावर विल्यमसनने लिहिलेले नाही. त्याच्या गावी हे प्रश्नच नव्हते. ते आपल्याच मिस्त्रींना सुटले होते. दुकानाचे शटर बंद झाले की ती उत्तरेही बंद झाली.

भाषेची सबब सांगू नये. १९१७ मध्ये हैदराबादेत ‘दारुत्तर्जुमा’ स्थापन झाले आणि १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी हे विषय उर्दूतून शिकवले गेले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. मराठीत ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासून आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे. दोन्ही भाषांनी ही ओझी उचललेली आहेत. उणीव भाषेची नाही. मिस्त्रीने लिहावे असे त्याला कोणी सांगितले नाही, आणि ज्याला लिहिता येते त्याने मिस्त्रीच्या दुकानात जाऊन बसावे असे त्यालाही वाटले नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले की सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुले एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून बाहेर पडली. तो आकडा वाचून आम्ही शिक्षक हळहळलो. पण त्या पंचवीस टक्क्यांतली मुले रिकामी बसली नव्हती, हेही आपण जाणतो. ती गॅरेजात, मागावर, दुरुस्तीच्या टपरीत काहीतरी शिकतच होती. शाळेने त्या शिकण्याला शिक्षण म्हटले नाही आणि टपरीने शाळेला कामाचे मानले नाही. माझ्या वर्गातही ओहमचा नियम लिहिता न येणारा, पण जळका स्पीकर पुन्हा बोलता करणारा मुलगा दरवर्षी एखादा तरी असतो. त्याला नुसता ‘कच्चा’ म्हणून सोडले, तर एक विल्यमसन गमावण्याची जोखीम आपण पत्करतो. आणि ‘तुझा हातच तुला पोसेल’ म्हणून शाळेतून जाऊ दिले, तर तीच जोखीम दुसऱ्या वाटेने येते. विल्यमसन घडला कारण नापास झाल्यावरही त्याला प्रयोगशाळा मिळाली, त्याने ऐकवले ते ऐकून घेणारे सोबती मिळाले, आणि त्याने लिहिलेले छापणारे मासिक मिळाले. यांपैकी एकही गोष्ट अलौकिक नाही. शाळेच्या एका खोलीत कावी आणि कथील ठेवता येते. वार्षिक संमेलनात मुलांनी बनवलेले ॲम्प्लिफायर झाकण उघडून मांडता येतात. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला एक दिवस वर्गात बोलावून तो जे सांगेल ते मुलांकडून वहीत उतरवून घेता येते. इमल्याचा याहून चांगला तास कोणता?

सीना-ब-सीना आलेल्या विद्येचा मान राखायचा, तर तिला छातीत कोंडून ठेवणे पुरे नाही. उस्तादाने जे शागिर्दाला दिले, ते शागिर्दाने कागदाला द्यावे. कागदाला वारस लागत नाही. ज्याला गरज असेल तो येतो आणि उचलून घेतो.